आपल्याच गल्लीतल्या जुन्या गाड्या कशा हेरायच्या

व्हिंटेज रॅलीतल्या गाड्यांबद्दल हे नाहीये. त्या गाड्यांना मालक आहेत, पैसा आहे, फोटो काढणारी गर्दी आहे, त्या सुखरूप आहेत. मी बोलतोय त्या गाड्यांबद्दल ज्या वीस-पंचवीस वर्षांपूर्वी प्रत्येक सिग्नलला चार-चार दिसायच्या, म्हणजे पहिली झेन, एस्टीम, मॅटिझ, सिएलो, उनो, ११८ एनई, पहिली इंडिका, चौकोनी मारुती ८००. ह्या गाड्या एकेक करून संपत चालल्यात आणि कुणाच्या लक्षातही येत नाहीये, कारण ज्याची सवय झालेली असते ते नाहीसं झालेलं पटकन कळत नाही. आणि कॉमन गाडीच सगळ्यात आधी संपते हे नीट लक्षात घ्या. महागडी गाडी कुणीतरी जपतं, पद्मिनीसाठी आता लोक हळवे व्हायला लागलेत, पण सिएलो कोण जपून ठेवणार? ती भंगारात गेली की गेली. म्हणून जे काय बघायचंय, फोटो काढायचेत, मालकांशी बोलायचंय, ते आत्ता करायचं.

आपल्याकडे ह्या गाड्या अजून सापडतात ह्याला कारण आहे. दिल्लीकडे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले आणि तिथल्या कितीतरी गाड्या बाहेरच्या राज्यांत गेल्या नाहीतर तुटल्या. महाराष्ट्रात तसं सरसकट नाही. १५ वर्षं झाली की आरटीओत गाडी दाखवायची, पास झाली की आरसी ५ वर्षांसाठी रिन्यू, परत ५ वर्षांनी तेच. फी मात्र वाढली, एप्रिल २०२२ पर्यंत कारला ६०० रुपये लागायचे ते एकदम ५००० झाले, वर पर्यावरण कर वेगळा. त्यामुळे आज रस्त्यावर कागदपत्रं नीट असलेली तीस वर्षांची गाडी दिसली तर समजायचं की दर पाच वर्षांनी घरात कुणीतरी हिशोब करून बसलंय आणि तरीही ठेवूया म्हणालंय. मला ह्या गाड्यांबद्दल आदर वाटतो तो ह्यासाठी.

सरकारी गाड्यांचं मात्र उलटं झालं. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांचं रजिस्ट्रेशन रिन्यूच होत नाही, म्हणजे पंचायत समितीच्या अंगणातली सुमो, जिप्सी, साहेबांची अँबॅसडर हे सगळं दृश्य त्या नियमाने संपवलं. तेव्हा अँबॅसडर शोधायची तर सरकारी ऑफिसात नाही, खाजगी बंगल्यात शोधायची.

डोळा कसा तयार करायचा

आख्खी गाडी बघत बसू नका. तुकडे बघायचे. मी सुरुवात टेललाइटपासून करायला सांगतो कारण आपण बहुतेक वेळा गाडीच्या मागेच असतो, आणि कंपन्या फेसलिफ्ट करताना पुढचं तोंड बदलतात पण मागच्या दिव्यांचा आकार बरेचदा तोच राहतो. इंडिकाचे मागचे दिवे उभे, काचेच्या दोन्ही बाजूंनी वर चढत गेलेले, ते लांबूनही कळतात. मग पुढच्या दरवाज्याची काच बघायची, तिथे वेगळी उघडणारी छोटी तिकोनी काच असेल तर गाडी जुन्या पिढीतली, अँबॅसडर किंवा पद्मिनी. मग बंपर. क्रोमचा पत्र्याचा बंपर, मग काळा प्लास्टिकचा, मग बॉडी कलरचा, साधारण ह्या क्रमाने काळ पुढे सरकतो. मग मागे चिकटवलेली अक्षरं, त्यात मॉडेल आणि व्हेरिएंट दोन्ही मिळतं, आणि नसेल तर अक्षरांच्या जागी रंग थोडा गडद राहिलेला असतो तो बघायचा, उन्हात बाकी पत्रा फिका पडतो पण अक्षरांखालचा पडत नाही.

काचेच्या कोपऱ्यात कंपनीचा बारीक शिक्का असतो. सगळ्या काचांवर एकच शिक्का असेल तर काचा मूळच्या असण्याची शक्यता जास्त, एका काचेवर वेगळा असेल तर ती कधीतरी फुटून बदललीये. मागच्या काचेवर डीलरचा स्टिकर असेल आणि त्यावर पुण्याचा सहा किंवा सात आकडी फोन नंबर असेल तर मला फार आनंद होतो, कारण आठ आकडी नंबर येऊन जमाना झाला आणि तो स्टिकर तेव्हापासून कुणी खरवडून काढलेला नाही, म्हणजे काच मूळची आणि मालकही बहुतेक मूळचा.

नंबर प्लेट तर वाचताच आली पाहिजे. एमएच-१२ पुणे, एमएच-०१ ताडदेव, ०२ अंधेरी, ०४ ठाणे, ०९ कोल्हापूर, १५ नाशिक, ३१ नागपूर हे बहुतेकांना पाठ असतं, पण खरी माहिती पुढच्या अक्षरांत आहे. शेवटच्या आकड्यांआधी एकच अक्षर असेल, किंवा अक्षरच नसेल, तर गाडी त्या आरटीओच्या सुरुवातीच्या काळातली. दोन अक्षरं असतील तर कुठलं अक्षर कधी चालू होतं हे हळूहळू अंगवळणी पडतं, आपल्या शहरापुरतं तर महिन्याभरात जमतं. आणि एमएच नसलेलीच पाटी दिसली, एम-ने सुरू होणारी तीन अक्षरं आणि पुढे आकडे, तर ती १९८९ च्या आधीच्या पद्धतीची, आणि बी-ने सुरू होत असेल तर मुंबई राज्याच्या जमान्यातली. गोव्यात अशीच जुनी पाटी जीडी-ने सुरू होते. अशी पाटी दिसली तर स्कूटर बाजूला घ्यायची, घाई असली तरी घ्यायची.

एक मात्र आहे, १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांनाही आता हाय सिक्युरिटी प्लेट लावायची सक्ती झालीये त्यामुळे पेंटरने हाताने रंगवलेल्या पाट्या भराभर जातायत. नंबर तोच राहतो पण पाटी नवीकोरी, त्यामुळे लांबून गाडीही नवी वाटते आणि नजर पुढे सरकते. पाटी नवी दिसली म्हणून सोडून देऊ नका, अक्षरं वाचा. खात्री करायचीच असेल तर एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की रजिस्ट्रेशनची तारीख, इंधन, फिटनेस कधीपर्यंत आहे एवढं दिसतं. तेवढ्यावर थांबायचं, मालकाचं नाव-गाव खणायला जायचं नाही.

कुठली गाडी कशी ओळखायची

मारुती ८०० पासून सुरू करतो कारण सगळ्यांना वाटतं ही तर आपण ओळखतोच. पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली, ती जी पहिली बॉडी होती ती कोनाकोनांची, तोंड सरळ, आणि ती फक्त १९८६ पर्यंत बनली. आज रस्त्यावर चालती सापडली तर तो दिवस सोन्याचा. त्यानंतर आली ती उतरत्या बॉनेटची, जी आपण सगळ्यांनी पाहिलीये, आणि १९९७ ला तिचंच तोंड गोलसर केलं. म्हणजे तीन चेहरे. हेडलाइटचे कोपरे टोकदार असतील तर ९७ च्या आधीची, गोल असतील तर नंतरची, इतकं सोपं आहे. इंजिन तेच ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं, आयडलिंगला ते एका विशिष्ट लयीत थरथरतं, एकदा कानात बसलं की पाठ फिरवलेली असली तरी ८०० आली हे कळतं. अजून एक गोष्ट, २०१० ला बीएस-४ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम आले तेव्हा १३ शहरांत ८०० ची विक्री थांबली आणि त्यात आपल्याकडची मुंबई, पुणे आणि सोलापूर होती. बाकी ठिकाणी ती जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन बंद होईपर्यंत मिळत होती. म्हणून शेवटच्या तीन-चार वर्षांतली ८०० शोधायची तर छोट्या गावांकडच्या पासिंगमध्ये शोधायची.

झेनच्या बाबतीत लोक एक घोळ करतात. १९९३ ची जी बुटकी, रुंद, जमिनीला चिकटून चालणारी गाडी ती खरी झेन, ९९३ सीसीची. २००६ नंतर झेन एस्टिलो म्हणून आली ती उंच, पूर्ण वेगळी गाडी, नाव सोडून काही संबंध नाही. झेनमध्येही डिझेल शोधा, तिला पेजो ह्या फ्रेंच कंपनीचं १५२७ सीसीचं इंजिन होतं, आणि तेच एस्टीम डिझेललाही होतं, मागे डी लिहिलेलं असतं आणि चालू केल्यावर तर विचारायलाच नको. तीन दरवाज्यांच्या झेन कार्बन आणि झेन स्टील पण आल्या होत्या, कार्बन काळी आणि स्टील चंदेरी, मोजक्याच बनल्या, दिसली तर फोटो काढल्याशिवाय हलू नका.

एस्टीम आणि मारुती १००० ह्यांची बॉडी एकच. १००० आली १९९० ला, ९७० सीसीचं इंजिन त्या अंगाला कमी पडायचं, मग १९९४ ला त्यात १३०० चं इंजिन टाकून एस्टीम केली. बाहेरून फरक मुख्यतः मागच्या अक्षरांवरून. नव्वदच्या सुरुवातीला मारुती १००० असणं म्हणजे सोसायटीत वजन होतं, आज चालती १००० बघायला मिळणं फार अवघड आहे.

मॅटिझ आणि शेवरोले स्पार्क, इथेही गोंधळ. देवूची मॅटिझ १९९८ ची, लहानखुरी, गोल डोळ्यांची. कंपनी इथून गेली, नंतर त्याच गाडीची पुढची पिढी २००७ ला स्पार्क नावाने शेवरोलेचा बो-टायसारखा लोगो लावून आली. स्पार्कही आता कमी होतेय कारण शेवरोलेनेही २०१७ च्या शेवटी इथली विक्री थांबवली. सिएलो तर त्याच्याही आधीची, १९९५ ची, लांबलचक सेडान. देवूच्या गाड्या टिकवणं जिकिरीचं काम आहे, कंपनीच नाही तर पार्ट कुठून येणार, त्यामुळे चालती सिएलो दिसली तर तिचा मालक हट्टी आहे आणि त्याच्या ओळखीत एक चांगला मेकॅनिक आहे हे धरून चाला.

आता फियाट. इथे मी जरा जास्त रेंगाळणार कारण ह्या गाड्या आपल्या मातीतल्या आहेत, कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनलेल्या, वालचंद हिराचंदांची कंपनी. सगळ्यात जुनी दिसू शकते ती पन्नासच्या दशकातली गोलमटोल, जिला सगळे डुक्कर फियाट म्हणतात, तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडतात, बिजागऱ्या मागच्या बाजूला. ही आता शौकिनांकडेच असते. मग १९६४ पासूनची ११०० डी, तिलाच पुढे सत्तरच्या दशकात प्रीमियर पद्मिनी हे नाव आलं. १०८९ सीसी, गिअर स्टेअरिंगच्या दांड्याला, शेवटच्या काही वर्षांत गिअर खाली जमिनीत आणि पुढे दोन वेगळ्या सीट. म्हणजे पद्मिनी दिसली की काचेतून आत बघायचं, गिअर वर की खाली, तेवढ्यावरून साधारण काळ कळतो. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला पास झाली होती, टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी नाही. लोकांचा समज झाला की पद्मिनी संपली. नाही संपली. टॅक्सी संपली. खाजगी पद्मिनी अजून आहेत, दादर पारशी कॉलनीत, गिरगावात, पार्ल्यात, पुण्यात पेठांमध्ये आणि कॅम्पात, आणि त्यांच्याकडे आता नीट बघायला हवं कारण सगळं लक्ष टॅक्सीकडे गेलं आणि ह्यांची नोंद कुणी ठेवली नाही.

११८ एनई ही पद्मिनीची धाकटी बहीण, १९८५ ची. बॉडी फियाट १२४ ची, इंजिन निस्सानचं ११७१ सीसी. सगळ्या रेषा सरळ, छप्पर सपाट, डिकी मोठी. ह्या गाडीबद्दल मला कायम वाटत आलंय की तिला हवा तेवढा मान मिळालाच नाही, चालवायला पद्मिनीपेक्षा कितीतरी हलकी आणि आतून ऐसपैस. उनो १९९६ ची, छोटी, मागून एकदम उभी कापलेली. आणि कल्याणला बनलेली पेजो ३०९, ही १९९४ ते साधारण ९७-९८ एवढीच मिळाली. कल्याण-डोंबिवलीकरांनो, तुमच्याच गावात बनलेली गाडी आहे, तिथल्या जुन्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली एखादी असण्याची शक्यता इतर कुठल्याही शहरापेक्षा जास्त आहे, बघा जरा. नाशिककरांचंही तसंच, महिंद्रा आणि फोर्डची एस्कॉर्ट १९९६ ला तिथे बनायची, पुढे फोर्डची आयकॉन चेन्नईला बनली त्यामुळे एस्कॉर्ट विस्मरणात गेली.

पुणेकरांच्या वाट्याला टाटाच्या. सिएरा १९९१ ची, तीन दरवाजे, मागे छपरापर्यंत वळलेली न उघडणारी मोठी काच, मागच्या दाराला स्टेपनी, ती चुकूच शकत नाही. तिच्याबरोबरची इस्टेट मात्र लोकांना आठवतच नाही, लांब, मागे सामानाला जागा असलेली, आणि ती सिएरापेक्षा जास्त दुर्मिळ झालीये असं माझं मत आहे कारण सिएराला चाहते मिळाले, इस्टेटला नाही. सुमो १९९४ ची, सुमंत मूळगावकरांच्या नावावरून. इंडिका ३० डिसेंबर १९९८ ला आली, १४०५ सीसी डिझेल, पहिल्या लॉटच्या तक्रारी निघाल्या म्हणून २००१ ला व्ही-टू आणली. त्यामुळे मागे व्ही-टू लिहिलेलं नसलेली इंडिका शोधायची, ती खरी शोधायची गोष्ट. टॅक्सीत गेलेल्या इंडिका तर पार झिजून संपल्या, खाजगी पांढरी पाटीवाली, एकाच मालकाची पहिली इंडिका ही आज पुण्यातसुद्धा सहज दिसत नाही आणि पुण्यात बनलेली गाडी पुण्यात दिसू नये ह्याचं मला वाईट वाटतं.

अँबॅसडर १९५७-५८ पासून मे २०१४ पर्यंत बनली, बॉडी जवळपास तीच, त्यामुळे काळ ओळखायचा तर ग्रील, पुढचे इंडिकेटर आणि मागची अक्षरं. १८०० आयएसझेड लिहिलेलं असेल तर नव्वदीतलं इसुझूचं पेट्रोल इंजिन आणि गिअर खाली. कॉन्टेसा तिच्याच कंपनीची, लांब बॉनेटची, १९८४ ते २००२.

गावाकडे तर वेगळीच यादी. कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडे वडापला, म्हणजे शेअर प्रवासी वाहतुकीला, ट्रॅक्स, मराठवाडा-विदर्भात काळी-पिवळीला कमांडर, मार्शल, ट्रॅक्स, ह्या गाड्यांचं आयुष्य सगळ्यात कष्टाचं, आणि त्यामुळेच मूळ स्वरूपात एकही सापडत नाही. बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या स्टँडबाहेर उभं राहायचं, सगळ्या एकाच ठिकाणी येतात. टेम्पो मेटॅडोरसुद्धा अशाच ठिकाणी बघायची. क्वालिस २००५ ला बंद झाली तरी घाटात अजून ठणठणीत पळतायत, त्यांची काळजी करायचं कारण आत्ता नाही.

कुठे आणि कधी

नव्या टॉवरच्या पार्किंगमध्ये वेळ घालवू नका. साठ ते ऐंशीच्या दशकातल्या सोसायट्या, बँक कॉलन्या, शटरचं गॅरेज असलेले बंगले, अशा ठिकाणी जायचं, म्हणजे पुण्यात एरंडवणे, प्रभात रोडच्या आतल्या गल्ल्या, मॉडेल कॉलनी, मुंबईत हिंदू कॉलनी, शिवाजी पार्कच्या मागचे रस्ते. जिथे रिडेव्हलपमेंटचा बोर्ड लागलाय तिथे आधी जा, कारण सोसायटी पाडायला घेतली की पहिली बाहेर जाते ती कोपऱ्यात झाकून ठेवलेली गाडी, नव्या बिल्डिंगमध्ये तिला पार्किंग मिळत नाही. ड्रायव्हिंग स्कूलच्या ८०० आणि सँट्रो, शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्या ओम्नी, नेरळ-माथेरान टॅक्सी स्टँड, हेही बघून ठेवा.

समुद्राजवळ पत्रा खारट हवेने सडतो, दरवाज्याखालची पट्टी आणि चाकावरच्या कमानी आधी जातात, त्यामुळे मुंबई, रत्नागिरी, गोव्यात जी जुनी गाडी टिकलीये ती खरोखर निगुतीने ठेवलेली असते. देशावर, सोलापूर, नगर, मराठवाड्यात उलटं, पत्रा धडधाकट पण रंग उन्हाने उडालेला आणि डॅशबोर्ड तडकलेला. चांगल्या पत्र्याच्या गाड्या शोधायच्या तर कोरड्या भागात जावं.

गॅरेज हा सगळ्यात मोठा खजिना. चकाचक सर्व्हिस सेंटर नाही, झाडाखाली बसणारा मिस्त्री. "कार्बोरेटर कोण चांगला लावतं हो इथे?" एवढं विचारत गेलात की तुम्ही बरोबर माणसापर्यंत पोचता, कारण कार्बोरेटरचं ट्यूनिंग येणारी माणसं आता कमी राहिलीत आणि एरियातल्या सगळ्या जुन्या गाड्या त्याच्याकडेच येतात. पुण्यात नाना पेठेतले स्पेअर पार्टवाले, कुर्ल्याचे भंगारवाले, ह्यांच्याशी ओळख ठेवली तर कोण अजून ११८ एनईच्या टेललाइटची काच शोधत फिरतोय हेही कळतं.

आणि वेळ. वर्षातला सगळ्यात उत्तम दिवस म्हणजे दसरा. त्या दिवशी सहा महिने कव्हरखाली असलेली गाडीसुद्धा धुतली जाते, हार घातला जातो, बॉनेटवर हळदी-कुंकू, आणि पूजेच्या निमित्ताने एक चक्करही मारतात. सकाळी सात ते अकरा जुन्या भागातून चालत फिरायचं, गाडीने फिरू नका, निम्म्या गाड्या गेटच्या आत असतात. त्याखालोखाल रविवार सकाळ, मग गणपतीच्या आधीचे दोन दिवस मुंबई-गोवा हायवे, गावी जाणारी माणसं घरातली जुनी गाडीही बाहेर काढतात. पावसाळ्यात मात्र काही मिळत नाही, ज्याला गाडीची काळजी आहे तो ती बाहेरच काढत नाही.

जिवंत आहे की नुसती उभी आहे

हे ओळखणं महत्त्वाचं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष, म्हणजे २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. टायर चार-पाच वर्षांच्या आतले असतील तर गाडीवर खर्च चालू आहे. ब्रेकच्या डिस्कवर नारिंगी गंज चढलाय का, टायरखाली पानं कुजलीत का, खाली ऑइलचा ताजा डाग आहे का. ताजा डाग चांगला, म्हणजे गाडीत ऑइल आहे. कव्हर असेल तर हात लावायचा नाही, कव्हरखालून चाक दिसतं, आरशांची जागा कळते, डिकीचा उतार कळतो. बारा इंचाचं इवलंसं चाक दिसलं तर ८०० वर्गातली, मागे गोल फुगवटा असेल तर स्टेपनीवाली, अँबॅसडरचे खांदे तर कुठल्याही कव्हरखाली कळतात.

नोंद ठेवा. फोनमध्ये साधी यादी पुरते, तारीख, रस्ता, मॉडेल, रंग, पाटीची अक्षरं, चालती की उभी, काय बदललंय. फोटो तिरपा काढायचा, तोंड आणि एक बाजू दोन्ही येतील असा, मग मागचा एक, मग अक्षरांचा जवळून. दर सहा महिन्यांनी त्याच गल्लीत परत जायचं, ह्यातच खरी किंमत आहे, कारण एका फोटोतून काही कळत नाही पण तीन वर्षांच्या नोंदीतून आपल्या एरियात काय चाललंय ते कळतं. गाडी जागेवर नसेल तर वॉचमनला विचारायचं, विकली की भंगारात गेली, तेही लिहायचं. ऑनलाइन फोटो टाकताना नंबर झाका आणि नेमकी जागा लिहू नका, लोगो आणि ग्रील चोरणारे असतात आणि ते पार्ट परत मिळत नाहीत. पोलीस ठाण्याच्या आवारात जप्त गाड्यांचा ढीग असतो, तिथे बाहेरूनच बघा, कॅमेरा काढू नका.

मालक भेटले तर पहिलं वाक्य कधीही "विकणार का" हे नको. हे ऐकून ते कंटाळलेले असतात आणि तिथेच संवाद संपतो. "काका, गाडी फार छान ठेवलीयेत हो, किती सालची?" एवढं पुरतं, पुढचं ते स्वतःच सांगतात, कुठून घेतली, नंबर लागायला किती वाट बघितली, पहिला प्रवास कुठला, तुळजापूर की गोंदवले की गणपतीपुळे. आमच्या भागात एक आजी आहेत, यजमान गेले, त्यांना स्वतःला गाडी येत नाही, तरी शेजारच्या मुलाला सांगून दर आठवड्याला एस्टीम चालू करून घेतात. त्या म्हणाल्या, "आवाज आला की बरं वाटतं." अशा ठिकाणी फोटोही विचारूनच काढायचा आणि छापून एक प्रत नेऊन द्यायची, द्याच.

जाणकार झालात की पुढची पायरी, ज्या अजून ढिगाने दिसतात त्या गाड्यांचेही फोटो आत्ताच काढायला लागा, सँट्रो झिंग, इंडिका व्ही-टू, आयकॉन, पहिल्या तोंडाची वॅगन-आर. ह्यात एक तारीख डोक्यात ठेवा. ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ ला थांबलं, अँबॅसडरचं मे २०१४ ला, जुन्या सँट्रोचं त्याच वर्षाच्या शेवटी. म्हणजे २०२९ च्या आसपास ह्या तिन्हींतली सगळ्यात तरुण गाडीसुद्धा पंधरा वर्षांची होईल आणि प्रत्येक मालकापुढे एकच प्रश्न असेल, फी भरून पास करून घ्यायची की भंगारात द्यायची. त्याच्या आत आपल्या वॉर्डातल्या सगळ्या ८०० तरी लिहून काढा, तिन्ही चेहरे वेगवेगळे.